फोटोतला नंदी

आपल्या नवऱ्याला, कवडूला, लाज म्हणून उरली नव्हती, असं पंचफुलाबाईचं ठाम मत होतं. पोळा तोंडावर आलेला. लेकरांनी तान्ह्या पोळ्याला ओढायचे लाकडी नंदी रंगासाठी अंगणात ताटकळत उभे. आणि हा माणूस दुपारची भाकर पोटात गेली की धुतलेलं धोतर नेसायचा, डोक्याला तेल चोपडायचा, खांद्याला पिशवी अडकवायचा आणि निघायचा. उगवायचा तो दिवेलागणीला.

"कुठं चालले?"

"येतो जरा फिरून."

"फिराले पिशवी काहून लागते?"

"मोठ्या नंदीची चाकं वाजून राहिली वं. लोहाराले दाखवतो."

रोज त्याच नंदीची चाकं कशी वाजतात, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण हातात ब्रश असताना भांडण काढलं की नंदीचे डोळे बिघडतात, म्हणून ती दात आवळून बसायची. डोळे हीच तिची ओळख. लाकूड कवडूनं तासायचं, रंग तिनं द्यायचा, आणि सगळं वाळल्यावर शेवटी डोळे काढायचे. नागपुरातली अख्खी जुनी शुक्रवारी म्हणायची, पंचफुलाचा नंदी माणसाकडं पाहतो.

यंदा तर धरमपेठेतली, धंतोलीतली माणसं गल्ली विचारत येत होती. "मी कोनाच्या दारात गेली होती काय? आपल्या पायानं येते लोकं," ती शेजारच्या यमुताईला ऐकवायची.

त्याच यमुताईनं बातमी आणली. बर्डीच्या बाजारात एका नव्या दुकानाच्या काचेत पंचफुलाच्या नंदीचा हा एवढा मोठा फोटो लागला होता.

"फोटो तुह्या नंदीचा, अन् आत इकते काय, सांगू? तिरळे नंदी! लोकं फोटो पाहून आत जाते वं, अन् ते तिरळं ध्यान घेऊन बाहेर येते. उद्या म्हनतीन, पंचफुलाचा हात बिघडला."

पंचफुलाबाईनं ब्रश खाली ठेवला. तो फोटो गेल्या साली नंदीला बक्षीस मिळालं तेव्हा स्टुडिओवाल्यानं काढला होता. घरात त्याची एकच प्रत होती. ती कवडूच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली कवडूच्या करगोट्याला.

आणि मग तिला ते रोजचं तेल आठवलं. ती पिशवी आठवली. फोटो देऊन याचं भागलं नाही, नक्कल करायला आता नंदीही नेऊन दाखवतो! इतक्या वर्षांचा संसार, एका ताटात जेवलेला माणूस. हे खरं निघालं, तर आजपासून याची चूल वेगळी, असं तिनं लुगडं बदलता बदलताच ठरवून टाकलं.

दुकानासमोर ती रिक्षातून उतरली. फोटो तिच्याच नंदीचा होता. नंदी काचेतून तिच्याकडंच पाहत होता.

"हा नंदी कोनाचा हाय?" ती आत शिरताच गरजली.

दुकानदार तरुण होता. "दुकानाचाच हाय, मावशी. द्यायचा काय एक?"

"दुकानाचा? अरे, या नंदीचा एकेक डोळा मी काढला हाय. मी पंचफुला, जुन्या शुक्रवारीतली!"

दुकानदाराचा चेहरा पडला. त्यानं एकदम हातच जोडले. "म्हणजे तो पिशवीवाला बुढा तुमच्याच घरचा काय?"

पंचफुलाबाई काउंटरपाशी सरकली. "येतो तो इथं?"

"रोज येतो. आताही येईनच. बसा, तुमीच पाहा."

ती बसली नाही. काउंटर धरून उभी राहिली. थोड्या वेळानं समोरच्या फुटपाथवर तेल लावलेलं डोकं दिसलं. कवडू दुकानात आला नाही. त्यानं बाहेरच पिशवी उघडली, मोठा नंदी काढला, त्याच्या वेसणीला सुतळी बांधली आणि तान्ह्या पोळ्यातल्या लेकरासारखा तो ओढत चालायला लागला. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा परत. येणारेजाणारे हसत होते. एक सायकलवाला ओरडला, "बुढाऊ, लेकरांवानी घरोघर पोळ्याचा बोजारा मागाले निघाले काय?" कवडूची मान खालीच होती.

फोटो पाहून आत येणारी एक बाई पायरीवरच थबकली. तिच्या पोरीनं फोटो पाहिला, फुटपाथवरचा नंदी पाहिला. "आई, हा पाहा, फोटोतला!"

"हौ बाई, फोटोतलाच," कवडू हळूच म्हणाला. "पन तो या दुकानात नाई भेटत. जुन्या शुक्रवारीत पंचफुलाबाई म्हनून हाय. कोनालेही इचारा. तिच्यावानी डोळे अख्ख्या नागपुरात कोनी काढत नाई."

बाई पोरीचा हात धरून पायरी उतरून गेली.

"पायलं?" दुकानदार रडकुंडीला आला होता. "फोटो मले स्टुडिओवाल्यानं दिला, मावशी. तुमाले न विचारता लावला, चुकलं माझं. जो येतो, तो फोटो पाहतो, नंदी पाहतो अन् तुमच्या गल्लीत जातो. घेऊन जा हा फोटो. पन त्या बुढ्यालेही घेऊन जा!"

त्यानं काचेतून फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं पदरानं त्यावरची धूळ पुसली. मग ती स्वतःच काचेशी गेली, फोटो होता तिथं टेकवून ठेवला, जरा सरळ केला आणि दुकानदाराकडं असं पाहिलं, की त्याचा पुढं आलेला हात मागं गेला.

ती बाहेर आली तशी कवडूच्या हातातली सुतळी सुटली. "तुले सांगतलं असतं, तं तू काच फोडली असती वं," तो पुटपुटला.

पंचफुलाबाईनं वाकून सुतळी उचलली आणि त्याच्या हातात कोंबली.

"एक काम धड येत नाई तुमाले! मान खाली घालून कोनी नंदी ओढते काय? ताठ चाला, अन् दुकान बंद होयेपर्यंत घरी यायचं नाई."