पुस्तकातली सवत

"पुन्हा वाच ते," रोझा म्हणाली. "'पहाटे ती कड्यावर आली' तिथून."

"नाही वाचणार," म्हणत बुरुलने पुस्तक मिटलं आणि टेबलावर उपडं टाकलं.

बिश्केक शहरातल्या तिच्या स्वयंपाकघरात चहा निवत चालला होता. पुस्तक तिच्या नवऱ्याचं, तेमिरचं. नुकतंच दुकानात आलेलं. नारीन नदीच्या वरच्या दरीत एका हिमबिबट्याच्या मादीमागे त्याने कित्येक उन्हाळे काढले, त्याची ती हकीकत. वर्तमानपत्रं पुस्तक डोक्यावर घेऊन नाचत होती. जनावरावर इतका जीव लावणारा माणूस विरळा, असं एकाने लिहिलं होतं.

बुरुलला नेमकं तेच झोंबलं होतं.

"मला कधी म्हणालाय का, तुझी पावलं मी झोपेतही ओळखतो म्हणून? तिच्या पावलांवर पानंच्या पानं. ती रुसली, दिसेनाशी झाली, तर याला घास जाईना. मी तापाने फणफणले होते तेव्हा दोन्ही वेळा चापून जेवत होता."

रोझा हसून हसून लोळायची बाकी राहिली. थोरली बहीण, तिला टोमण्यांची मुभाच होती. "अगं, सवत करायचीच तर माणसांत तरी बघ. चार पायांची सवत कुणी ऐकलीय का?"

"दोन पायांची असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिचं काय करू?"

पुस्तकात तिचं एकही छायाचित्र नव्हतं. कॅमेऱ्याच्या आवाजाने ती बुजेल, असं तेमिरने लिहिलं होतं. नावसुद्धा दिलं नव्हतं. नाव ठेवलं की जनावर पाळीव होतं म्हणे. नुसती 'ती'. लोकांनी या संयमाचंही कौतुक केलं. बायकोचे डोळे मिटलेले फोटो मात्र याच माणसाने सगळ्या नातेवाइकांना दाखवले होते.

शेवटचं प्रकरण पिल्लांचं होतं. वाचायचं नाही असं ठरवूनही बुरुल ते वाचून बसली. अवेळी बर्फ पडतं, ती स्वतः उपाशी राहून पिल्लांना भरवते, आणि तेमिर लांबून बघत राहतो. बुरुलचे डोळे भरून आले. तिला स्वतःची लाज वाटली. एका मुक्या आईचा हेवा करायचा, म्हणजे हद्दच झाली.

"एकदा बघून येते तिला," ती रोझाला म्हणाली. "नाहीच दिसली तर तिचा डोंगर तरी बघेन. मनातलं किल्मिष जाईल."

"तेमिरला विचारलंस?"

"तो बसलाय तिकडे ओश शहरात, पुस्तकांवर सह्या ठोकत. आणि विचारलं की एकच उत्तर, तुला उंची सोसायची नाही."

शिकारी पोचतील म्हणून पुस्तकात नकाशा दिला नव्हता. पण तेमिरची नजर चोख. तांबड्या पाण्याचा झरा, अर्धा खचलेला पूल, पलीकडे वाकडी जुनिपरची झाडं. नारीन गावातल्या टॅक्सीवाल्याला एवढं सांगितलं, तर त्याने गाडी थेट पुलाशीच नेऊन उभी केली.

चढताना बुरुलला धाप लागली, पण मन हलकं होत गेलं. दगड न् दगड पुस्तकातल्यासारखा होता. माणूस घुमा असेल, पण लिहितो ते खरं लिहितो, असं म्हणत ती अभिमानाने वर चढली.

झाडांपलीकडे एक यर्ट, मेंढपाळांचा गोल लोकरी तंबू होता. दारातल्या म्हातारीने तिला नाव विचारलं नाही की गाव. पाहुण्याच्या पोटात चहा गेल्याशिवाय तू कोण म्हणून विचारायचं नाही, ही डोंगरातली रीत. तिने बुरुलला आत नेऊन दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. पुढ्यात चहाचा पेला, साय आणि बोरसोक, म्हणजे कणकेचे गरम तळलेले गोळे ठेवले.

बुरुलने पेला रिकामा केला. "आजी, ती हिमबिबट्याची मादी कुठल्या अंगाला दिसते हो?"

"कसली मादी?"

"तेमिर येतो ना तिच्यासाठी. उंच आहे, चष्मा लावतो."

म्हातारीचा चेहरा खुलला. "बिबट्या कुठला गं इथे? मी सून होऊन आले तेव्हापासून या दरीत कुणी पाहिला नाही. तेमिर मात्र आमचाच. जावई माझा. शहरात नोकरी, म्हणून उन्हाळाभरच असतो, पण लेकीवर जीव टाकतो हो. ती पोरांना घेऊन झऱ्यावर गेलीय, येईलच एवढ्यात." तिने बुरुलचा पेला पुन्हा भरला. आता विचारायला हरकत नव्हती. "आणि तू गं पोरी? तू कुणाची?"