दोन आकडी नंबर

गोरेगाव या लहानशा तालुक्याच्या गावात भर दुपारी चंदाचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर नंबर होता फक्त ४७.

"हा तं आपल्या घरचा जुना नंबर," तिच्या सासूबाई निर्मलाबाई दचकून म्हणाल्या. "एक्स्चेंजमधली बाई जोडून देत होती, तेव्हाचा. मंग त्याच्यापुढे आकडे वाढत गेले, अन् शेवटी आपण तो फोनच काढून टाकला. उचलू नको वं."

चंदाने उचलला. पलीकडे कुकरची शिटी झाली. क्षणभराने तशीच शिटी तिच्या स्वयंपाकघरात झाली.

"कोन बोलून राहिला?" चंदा ओरडली.

पलीकडे कोणीतरी रडत होतं. तो आवाज चंदाचाच होता.

"आई, उठा ना! डोळे उघडा!"

समोर उभ्या निर्मलाबाई तिच्याकडे घाबरून बघत होत्या. त्यांचा हात हळूहळू छातीकडे गेला.