नवशाचा कान

केळव्याचा नवशा वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा, दांडा कानाला लावायचा आणि खाली घोळ मासे घुमतायत का ते ऐकायचा. त्याने हात वर केला की मगच जाळं सुटायचं, आणि ते कधी रिकामं आलं नव्हतं.

पासष्टच्या लढाईनंतर किनाऱ्यावरच्या गड्यांना रायफल शिकवायला पालघरला नेलं. गोळीबाराआधी हवालदार नागोरावांनी प्रत्येकाला कानात घालायला कापूस दिला. नवशाने आपला बोळा परत केला.

"सायब, या कानावर आठ घरं जेवतात. यात आमी तेलाचा थेंब पन जाऊ देत नाय, कापूस कुठं कोंबू?"

"अरे, म्हणूनच तर घाल म्हणतो!" नागोराव ओरडले. पण नवशा तीन दिवस उघड्या कानांनीच गोळ्या झाडत राहिला.

पुढच्या उधाणाला होडी निघाली. नवशाने दांडा कानाला लावला आणि लगेच हात वर केला. जाळं रिकामं आलं. थोडं पुढे जाऊन त्याने पुन्हा हात वर केला, पुन्हा रिकामं. चौथ्या खेपेनंतर सुकाणूवरच्या तांडेल दामूने होडी घराकडे वळवली.

संध्याकाळी बायकोने, हंसाने, कोरडी टोपली पाहिली. "मासा नवताच का आज?"

नवशा चुलीपाशी दोन्ही कान दाबून बसला होता.



"हाय ना," तो म्हणाला. "हितं पन घुमतोय."