पाकिटावरचं कुंकू

द्वारकाबाईंनी सराफापुढे चांदीची चार बिस्किटं मांडली, चारही सीलबंद पाकिटात. पाचवं रुमालातच ठेवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले, तरच ते काढायचं होतं.

“पाकिटांवर हे लाल काय, काकू?”

“कुंकू. धनत्रयोदशीला मी पाकिटाचीच पूजा करायचे. चांदीला हात लागला, की ती काळवंडते आणि मोडताना भाव उतरतो. आमचे हे चिडवायचे, लक्ष्मीला रेनकोट घातलाय म्हणून.”

सराफ हसला. त्याने सील तपासून बिस्किटं तोलली. “पूर्ण भाव देतो. काही कापणार नाही.” ऑपरेशनचं भागत होतं. “आणि रुमालात?”

त्यांनी रुमाल सोडला. काळपट बिस्किटावर कुंकवाचा वाळलेला ठसा होता. यजमानांनी त्यांच्या शेवटच्या दिवाळीत हट्टाने पाकीट फाडून तिथे बोट टेकवलं होतं, आणि द्वारकाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

“याला कमी मिळतील. पुसून बघू?”

“पुसू नका. हे विकायचं नाही.” द्वारकाबाईंनी रुमालाची गाठ मारली. “डोळा बरा झाला, की मला ते नीट बघायचंय.”