दोन्ही पाय सारखे

फायनलच्या सकाळी फिजिओने संघाच्या स्ट्रायकरला टेबलावर पालथं झोपवलं आणि जोर मोजायचं यंत्र त्याच्या टाचेला लावलं. महिन्यापूर्वी डाव्या पायाची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागची शीर, दुखावली होती. नियम सरळ होता, दुखरा पाय चांगल्या पायाइतका जोर लावू लागला की गडी खेळायला मोकळा. डाव्याचा आकडा आला तीस, उजव्याचा एकतीस.

कोच मघापासून दारात घुटमळत होते. "काय म्हणतोय पाय?"

"दोन्ही सारखे आहेत," फिजिओ म्हणाला आणि यंत्र बंद करून टाकलं.

अठराव्या मिनिटाला स्ट्रायकर बॉलमागे सुसाट सुटला आणि मागून कुणी दगड मारावा तसा मांडी धरून खाली बसला. आत आणल्यावर फिजिओ बर्फ बांधू लागला, तेव्हा स्ट्रायकरने तोंडावर टॉवेल ओढून घेतला.

"दादा, मी फसवलं तुम्हाला," तो टॉवेलखालून म्हणाला. "सकाळी उजव्या पायाने मुद्दामच कमी जोर लावला. डाव्याशी जुळावा म्हणून."

फिजिओचे हात थबकले. गेल्या आठवड्यात याच उजव्या पायाचा आकडा चाळीस होता. धडधाकट पायाचा जोर आठ दिवसांत असा उतरत नसतो, हे त्याला सकाळी यंत्र बंद करतानाच कळलं होतं.

त्याने पट्टीची गाठ मारली. मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे. माफ केलं तुला."