काठाच्या गाठी

लग्नाच्या दुसऱ्या सकाळी माझ्या तोंडावरची ओढणी सरकताच नवरा ओरडला, “तू?” माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न व्हावं म्हणून त्यानं मामाची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं सात वर्षं राखली होती, पण लग्नात वडिलांनी तोंड झाकून मलाच उभं केलं. “मामानं केसानं गळा कापला! तूही गप्प बसलीस?” “बसले. तू तिच्यासाठी सात वर्षं थांबलास, मी तुझ्यासाठी. तुझी घोंगडी कुणी विणली?” “धाकटीनं. तिनंच आणून दिली.” “आणून तिनं दिली. काठ चाचपून बघ.” माझी नजर अधू, म्हणून वीतभर विणलं की काठाला गाठ मारते, बोटांना वाट सापडते. त्याची बोटं गाठीगाठीवरून फिरली. “तिच्यासाठी आणखी सात वर्षं खुशाल राब. माझी घोंगडी तेवढी ठेवून जा.” घोंगडी टाकून तो तरातरा निघाला, पण उंबऱ्यावरून परतला. माझ्याकडे न बघता त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. मगच मामाशी भांडायला गेला.