मधली ढोलकी

“बाबा, एवढी भारी गाणी होती, तर तुमचा अल्बम आपटला कसा?”

पैज मानसी आणि रंजितानं लावली होती. विचारून दाखव, नाहीतर पोलादपूर स्टँडपासून शाळेपर्यंत आठवडाभर आमची दप्तरं तू वाहायचीस! शाळेच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून ऋतिका कुठल्याच पैजेला नाही म्हणत नव्हती.

बाबा बिरवाडीजवळच्या कंपनीत सेकंड शिफ्टला निघाले होते. बुटाची नाडी त्यांच्या हातातच राहिली.

“लोकांना कळला नाय,” ते म्हणाले. “चांगलं ते विकलं जातंच असं नाय गो.”

आत चुलीपाशी आई भाकरी थापायची थांबली. मग पुन्हा थाप पडली.

ऋतिका जन्मली त्या वर्षीची गोष्ट. अनिल शाहिरांची, म्हणजे बाबांची, शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांची सीडी निघाली होती. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एका बाजूचा शाहीर गाण्यातून सवाल टाकतो आणि समोरच्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा असतो. बाबा शक्तीवाले, समोरचे तुरेवाले. त्यांचा सवाल ऐकला की ऋतिकाच्या अंगावर अजून काटा यायचा:

बिनपायाची कोण चढते घाटाला,
सांग जबाब माझ्या सवालाला!

गाणी झकासच होती. पण प्रत्येक सवालानंतर बराच वेळ नुसती ढोलकी वाजायची. “त्यात झोप लागते यार,” मानसी म्हणायची. महाडच्या दुकानदाराकडे तर गिऱ्हाइकं सीडी परत आणून द्यायची, ‘अडकते’ म्हणून. कव्हरही धड नव्हतं. बाबा अगदी एका कडेला, फेटा बांधून उभे आणि बाकी सगळं आंबेनळी घाटातलं धुकं. फोटोवाल्याला माणूस मध्यभागी घेता येत नव्हता काय?

आणि आई! गाणं लागलं की ती उठून गोठ्यात जायची. उरलेल्या सीड्या तिनं दोऱ्याला बांधून नाचणीच्या शेतात टांगल्या होत्या, पाखरं हाकायला. “कायतरी कामाला आल्या,” म्हणायची. तिचं माहेर तुरेवाल्यांचं. ऋतिकानं मनात निकाल कधीच लावून टाकला होता: शत्रुपक्षाची बाई घरात असल्यावर शाहिराचं दुसरं काय होणार?

पण ‘लोकांना कळला नाय’ हे उत्तर रंजिताला पटेना. “हे काय उत्तर झालं? फेल!”

मग ऋतिका स्टँडवरच्या भिकाजीकाकांच्या गाडीवर गेली. ते आता वडे तळायचे. सीडीतली ढोलकी त्यांचीच.

“काका, खरं सांगा. बाबांचा अल्बम आपटला, त्यात आईचा हात होता?”

काका वडा उलटायचा विसरले. “मैनाचा? हात नव्हता गो.”

“मग मधे ती नुसती ढोलकी कशाला ठेवलीत? तिथंच तर माणसं कंटाळली.”

“तिथं माझी ढोलकी कशी वाजते, ऐकलंस कधी? जोरात का हळू?”

“हळू. एकदम दबकी.”

“सवालाच्या आधी बघ, कशी कडकडते. मग एकटी असताना कशाला दबेल?” ते काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी वडा काढून कागदावर ठेवला. “हा घे. आन् जा, तुझी एसटी लागली.”

एसटीत तिनं कानात हेडफोन घातले. ढोलकी खरंच दबून वाजत होती. कुणी दारात आलं की आपण अंग चोरून वाट देतो, तशी.

वाडीवर पोचली तेव्हा आई गोठ्यात म्हैस पिळत होती. ऋतिकानं फोनवर सवाल लावला. आई उठायला लागली.

“बस ना गो आई,” ऋतिका म्हणाली आणि दारातच फतकल मारून बसली.

सवाल संपला. ढोलकी सुरू झाली. चरवीत पडणारी दुधाची धार थांबली.

त्या दिवशी म्हैस पिळायला रोजच्यापेक्षा फार वेळ लागला.

त्यानंतर बाबा कामावर गेले की ऋतिका रोज गोठ्यात जायची. मानसी-रंजितानं पैजेचं विचारलं तर गुपचूप त्यांची दप्तरं उचलायची. तिच्यासारखी तोंडाळ पोरगी गप्प कशी, हेच त्यांना कळेना.

गणपती जवळ आले. रविवारी तिघंही जेवायला बसली होती.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ऋतिका म्हणाली. “गौरीच्या सामन्यात मी गाणार.”

बाबांचा चेहरा उजळला. “शाब्बास! ये माझ्या मागं, कोरस धर.”

“मागं नाय. समोर. तुरेवाल्यांकडून.”

बाबा खो खो हसले. “बापाला पाडणार? गो, माझ्या सवालांना जबाब देणारा अजून जन्मला नाय!”

आई खाली मान घालून कालवण वाढत होती.

ऋतिकानं ताटाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. हळू, दबका.

हाक चढते घाटाला, शाहिरा,
अडवशील कुणाकुणाला?

बाबांचा घास हातातच राहिला. “हा जबाब... कुणी दिला तुला? गुरू कोण तुझा?”

“गणाच्या आधी गुरूचं नाव घेतात ना, तेव्हा सगळ्या वाडीसमोर सांगणार आहे,” ऋतिका म्हणाली. “त्या ढोलकीवरून जिचा आवाज तुम्ही पुसून टाकलात, तिचंच नाव घेणार. आईचं.”